वसई परिसरातील बँडपथके आणि गीतांचे चालभेद : इतिहाससाधन म्हणून एक विचार

१. प्रास्ताविक

नाशिकास गोदावरीच्या काठी नारोशंकराचे देऊळ आहे. त्याच्या प्राकारावर टांगलेली प्रचंड घंटा पोर्तुगीज बनावटीची आहे. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी आप्पांनी वसईचा किल्ला जिंकला. त्यानंतर वसई प्रांतातील ख्रिस्तमंदिरांच्या ज्या घंटा देशावर आल्या, त्यांपैकीच ही एक होय, असे मानण्यात येते. भीमाशंकर, मेणवली, पाली येथील घंटांविषयीही हीच हकीगत सांगितली जाते. धातू तोच, ओतकाम तेच, नादही तोच. परंतु ऐकणारा समाज बदलला आणि त्याबरोबर त्या नादाचा अर्थ बदलला. वसईत जी घंटा प्रार्थनेची वेळ सांगत होती, ती नाशकात विजयाची खूण झाली. आणि पुढे गोदेच्या पुराचे पाणी कोठवर चढले हे मोजण्याचे मापही झाली.

ज्या भूभागातून ही घंटा गेली, त्याच भूभागातील लग्नाच्या व सणांच्या मिरवणुकींत आजही चाली याचप्रमाणे स्थलांतर करताना आढळतात. एखादे गीत गोव्यात जन्मते, मुंबईच्या चित्रपटात शिरते, तेथून वसईच्या बँडपथकाच्या क्लॅरिओनेटवर उतरते आणि शेवटी होळीबाजारात अथवा निर्मळच्या तळ्याकाठी एखाद्या वरातीपुढे वाजते. या प्रत्येक टप्प्यावर चाल ओळखू येते. परंतु ती जशीच्या तशी राहत नाही. हे जे फरक पडतात, त्यांना आपले अभ्यासक सहसा 'नक्कल करताना झालेल्या चुका' समजून सोडून देतात. प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन याच्या उलट आहे. एकाच लोकप्रिय गीताच्या निरनिराळ्या आवृत्ती शेजारी शेजारी ठेवून तपासल्या, तर ज्या वादकपथकांचे नावही कोणत्याही ग्रंथात आलेले नाही, त्यांच्या शिक्षणाचा, आपसांतील संबंधांचा व प्रवासाचा इतिहास काही अंशी हाती लागू शकतो. ज्या इतिहासाला कागद नाही, त्याला चालभेद हेच कागद आहेत.

२. संज्ञांचा निश्चय

'तेच गाणे दुसऱ्याने म्हटले' या एका वाक्यात तीन वेगवेगळ्या क्रिया मिसळलेल्या असतात. त्या आरंभीच वेगळ्या करणे अवश्य आहे.

पहिली क्रिया पुनर्गायनाची. येथे शब्द तेच, चाल तीच. गळा मात्र दुसरा. दुसरी क्रिया शब्दांतराची. चाल तीच राहते, तिच्यावर नवे पद बांधले जाते. मराठी वाचकाला ही क्रिया अपरिचित नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांचे 'शाकुंतल' १८८० साली व 'सौभद्र' १८८२ साली रंगभूमीवर आले, तेव्हापासून संगीत नाटकांच्या छापील प्रतींत पदाच्या माथ्यावर 'चाल' म्हणून मूळ गीताचा निर्देश करण्याची पद्धत रूढ झाली. हा लहानसा निर्देश इतिहासकाराच्या दृष्टीने अमोल आहे. कारण कर्ता आपले ऋण स्वतःच्या हाताने नोंदवून ठेवीत आहे. मराठी ख्रिस्ती उपासनागीतांच्या संग्रहांतही चालीचा निर्देश देण्याची प्रथा आढळते. विरारच्या लोकलगाडीत सकाळ-संध्याकाळ टाळ घेऊन बसणारी भजनी मंडळे चित्रपटगीताच्या चालीवर अभंग किंवा गजर म्हणतात, तेव्हा तीही हीच क्रिया करीत असतात. फरक इतकाच, की तेथे माथ्यावर 'चाल' लिहिणारा कोणी नसतो.

तिसरी क्रिया वाद्यांतराची. येथे शब्द गळून पडतात आणि चाल तेवढी उरते. बँडपथकाचे सर्व वादन या तिसऱ्या प्रकारात मोडते. ही क्रिया सर्वांत साधी दिसते. प्रत्यक्षात तीच सर्वांत गुंतागुंतीची आहे, हे पुढे दिसून येईल.

३. बँडपथकाचा उगम : एका रूढ समजुतीचे परीक्षण

वसईच्या ख्रिस्ती वस्तीत पितळी वाद्यांचा बँड पोर्तुगीजांनी आणला, अशी समजूत पुष्कळांची आहे. वसई १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने पोर्तुगीजांस दिली. त्यानंतर दोन शतके तेथे त्यांची सत्ता होती. किल्ल्यात फ्रान्सिस्कन, जेझुइट, डोमिनिकन व ऑगस्टिनियन या संघांचे मठ होते. तेव्हा बँडही त्यांचाच असला पाहिजे, असा हा तर्क आहे. तो वरवर पटतो. परंतु कालगणनेच्या कसोटीस उतरत नाही.

आजच्या बँडपथकाचा कणा म्हणजे कॉर्नेट, ट्रंपेट, युफोनियम यांसारखी पडद्यांची वाद्ये. बोटाने पडदा दाबून नळीची लांबी बदलण्याची युक्ती जर्मनीत १८१८ च्या सुमारास सिद्ध झाली. सॅक्सोफोनचे पेटंट तर १८४६ चे आहे. पोर्तुगीजांनी वसई सोडली १७३९ साली. म्हणजे ज्या वाद्यांचा वारसा आपण त्यांच्या पदरी घालतो, ती वाद्ये त्यांच्या वसईतील वास्तव्यकाळी जगात अस्तित्वातच नव्हती. पोर्तुगीज काळातील उपासनासंगीताचे काही संस्कार या समाजात टिकले असतील. ओवीच्या छंदाचे ख्रिस्ती जीवन तर थॉमस स्टीफन्सच्या १६१६ सालच्या 'ख्रिस्तपुराणा'ने सिद्धच आहे. परंतु बँडपथक ही संस्था त्या काळाची नव्हे.

ती आली इंग्रजी अमलात, आणि तीन वाटांनी आली. पहिली वाट लष्कराची. पलटणींच्या बँडांतून व पोलिसांच्या बँडांतून शिकलेले वादक खाजगी पथकांत आले आणि गणवेश, पायांची चाल, तबलजीच्या जागी साइड-ड्रमवाला ही सारी मांडणी त्यांच्याबरोबर आली. ग्रेगरी बूथ यांनी भारतीय लग्नबँडांवरील 'ब्रास बाजा' (२००५) या ग्रंथात या प्रक्रियेचे सविस्तर वर्णन केले आहे. दुसरी वाट वाद्यनिर्मितीची. मीरत येथील नादिर अली आणि कंपनी १८८५ साली स्थापन झाली. देशातच वाद्ये घडू लागल्यावर लहान पथकासही ती विकत घेणे शक्य झाले. तिसरी वाट गोव्याच्या वादकांची. गोव्यातील चर्चला जोडलेल्या शाळांतून मुलांना स्वरलिपी वाचण्याचे शिक्षण मिळे. त्यांपैकी अनेकजण पोटापाण्यासाठी मुंबईस आले. हॉटेलांच्या, मूकपटगृहांच्या आणि पुढे चित्रपटांच्या वाद्यवृंदांत त्यांनी जागा मिळवली. अँथनी गोन्साल्विस, सेबास्टियन डिसूझा, फ्रँक फर्नांड, चिक चॉकलेट ही त्यांतील काही नावे आज सर्वश्रुत आहेत.

या तीनही वाटा वसईस येऊन मिळण्याचे कारण रेल्वे हे होय. १८६४ साली मुंबई-अहमदाबाद लोहमार्ग जुळला आणि १८६७ च्या एप्रिलात विरारहून मुंबईस जाणारी पहिली उपनगरी गाडी सुरू झाली. आरंभी दिवसातून एकच गाडी जात-येत असे. परंतु त्या एका गाडीने वसईची फुले व केळी जशी मुंबईच्या बाजारात नेली, तसा मुंबईचा बाजा वसईच्या वाडीत येण्याचा मार्गही मोकळा केला. याच शतकाच्या उत्तरार्धात, १८८७ साली, मुंबई, साष्टी व वसईच्या मूळच्या ख्रिस्ती रहिवाशांनी गोव्याहून येणाऱ्यांपासून आपले वेगळेपण राखण्यासाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव धारण केले. म्हणजे ज्या काळात हा समाज गोमंतकीयांहून आपण निराळे असे जाहीर करीत होता, त्याच काळात तो त्यांच्याकडून वाजवणे शिकत होता. संस्कृतीच्या इतिहासात असे विरोध नेहमी आढळतात. ते लपविण्यात लाभ नसतो.

बँडापूर्वीचे जे वाद्य या समाजात खरोखर जुने मानता येईल, ते घुमट. मातीच्या दोन तोंडी मडक्याच्या एका तोंडावर घोरपडीचे कातडे ताणून ते केले जाई. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीची शिकार निषिद्ध झाली. आता बकऱ्याचे कातडे वापरतात. लग्नातील 'उंबराचे पाणी' आणण्याच्या विधीत स्त्रियांची गाणी, घुमट आणि बँड ही तिन्ही एकत्र येतात. श्रीमती एल्सी बाप्टिस्टा यांचा ईस्ट इंडियन समाजावरील १९६७ सालचा ग्रंथ या विधींच्या अभ्यासास आजही उपयोगी आहे.

४. पहिले उदाहरण : नावाडी, नर्तकी आणि चित्रपट

'हांव सायबा पलतडी वयतां' हे कोकणी देखणीगीत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस मुद्रित झाले असून कार्लुस एउजेनियु फेरेरा यांच्या नावे ते ओळखले जाते. त्यात एक कलावंतीण पलीकडच्या तीरावर लग्नास जाण्यासाठी नावाड्याची विनवणी करते आणि त्याबद्दल आपल्या अंगावरील एकेक दागिना देऊ करते; नावाडी तो नाकारीत जातो. गीताचा सारा रस या देवाणघेवाणीत आहे.

राज कपूर यांच्या १९७३ सालच्या 'बॉबी' चित्रपटात हीच चाल 'ना मांगूं सोना चांदी' या गीतात आली. शब्द विठ्ठलभाई पटेल यांचे, संगीत लक्ष्मीकांत-प्यारेलाल यांचे. या जोडीतील प्यारेलाल हे व्हायोलिन शिकले ते वर उल्लेखिलेल्या अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे. म्हणजे चाल गोव्याची, आणि ती मांडणाऱ्या संगीतकाराचा गुरूही गोव्याचाच.

आता दोन्ही आवृत्ती शेजारी ठेवू. मूळ गीतात दागिना हा सौद्याचा पदार्थ आहे. चित्रपटगीतात सोने-चांदी आहेच. पण ती नाकारण्यासाठी. देणाऱ्या स्त्रीच्या जागी काही न मागणारा प्रियकर येतो आणि सौद्याचे गीत सौदा नाकारणारे गीत होते. असे असूनही ध्रुपदातील मूळची कोकणी अक्षरे तशीच ठेवलेली आहेत. हिंदी श्रोत्यास त्यांचा अर्थ कळण्याची गरज नव्हती. त्यास 'गोव्याचा वास' तेवढा हवा होता. शिलालेखात जुन्या लिपीचे एखादे अक्षर नव्या वळणात अडकून राहावे, तशी ही अक्षरे अडकली आहेत. उगमाचा पुरावा तीच देतात.

यानंतर ही चाल वसईच्या बँडापर्यंत येते, तेव्हा शब्द सर्वस्वी नाहीसे होतात. मग पथक वाजवते ते काय? देखणी की चित्रपटगीत? वादकास विचारले तर तो कदाचित चित्रपटाचे नाव सांगेल, कारण फर्माईश त्या नावाने होते. परंतु मिरवणुकीत चालणाऱ्या वृद्ध स्त्रीला कोकणी शब्द आठवत असतील आणि तिच्या नातवाला हिंदी. एकाच वेळी, एकाच रस्त्यावर, एकाच क्लॅरिओनेटमधून दोन गीते ऐकली जात आहेत. वाद्यांतराची गुंतागुंत म्हणतात ती ही. येथे गीताची आवृत्ती वादकाच्या फुंकीत पूर्ण होत नाही. ती श्रोत्याच्या स्मरणात पूर्ण होते. म्हणून बँडवादनाचा अभ्यास करणाऱ्याने केवळ वाजविणाऱ्यांची मुलाखत घेऊन भागणार नाही. मिरवणुकीत चालणाऱ्यांनाही प्रश्न विचारले पाहिजेत.

५. दुसरे उदाहरण : स्वामित्वाचा वाद

'गल्यान साखली सोन्याची' हे गीत उत्तर कोकणच्या किनाऱ्यावर सर्वतोमुखी आहे. कोळी ते आपले म्हणतात. ईस्ट इंडियन आपले म्हणतात. कोकणी गायकांच्या संग्रहांतही ते आढळते. हळदीच्या रात्री ते म्हटले जाते, ध्वनिमुद्रिकांवर व ध्वनिफितींवर ते अनेकवार आले आहे, आणि बँडपथकांच्या नेहमीच्या गीतांत त्याचे स्थान आहे. कर्त्याचे नाव नसल्यामुळे ते कोणाचे हा वाद मात्र चालूच असतो.

हा वाद सोडविण्याची घाई न करता आवृत्तींची तुलना केली तर निराळीच माहिती हाती येते. या गीताच्या बोलीत प्रमाण मराठीतील 'ळ' चा 'ल' होतो आणि 'गळ्यात' चे 'गल्यान' होते. कोळी, आगरी व किनाऱ्यावरील ख्रिस्ती बोलींचे हे वैशिष्ट्य आहे. ज्या ध्वनिमुद्रणात गायकाचा उच्चार 'साखळी' कडे झुकतो, तेथे गायक अथवा त्याचा मार्गदर्शक प्रमाणभाषेत वाढलेला आहे हे ओळखू येते. ज्यात 'ल' अगदी सहज येतो, तेथे गीत घरातून आले आहे असे समजावयास हरकत नाही. आता वसईतील कुपारी समाजाची सामवेदी अथवा कादोडी बोली या किनारी बोलीहून स्पष्टपणे वेगळी आहे. तेव्हा कुपारी लग्नात हे गीत वाजते, त्या वेळी ते त्या घरापुरते शेजाऱ्याकडून घेतलेलेच असते. म्हणजे ज्याला आपण 'वसईचे लोकगीत' असे एका दमात म्हणतो, ते वसईच्या आतच एका समाजातून दुसऱ्यात गेलेले आहे.

स्वामित्वाच्या वादाला यातून एक उत्तर मिळते, ते असे. 'हे गीत कोणाचे?' हा प्रश्न लोकगीतापुरता बहुधा चुकीचा असतो. 'हे गीत कोणी कोणाकडून, कोणत्या प्रसंगी घेतले?' हा प्रश्न बरोबर. पहिल्या प्रश्नाने दोन समाज एकमेकांसमोर उभे राहतात. दुसऱ्याने ते एकमेकांच्या अंगणात दिसू लागतात. निर्मळच्या कार्तिकातील यात्रेस हिंदू व ख्रिस्ती दोघेही जातात, ही गोष्ट ज्याने पाहिली आहे त्यास दुसरा प्रश्न अधिक स्वाभाविक वाटेल.

६. पाठचिकित्सेची पद्धती आणि अज्ञात पथकांचा शोध

हस्तलिखितांच्या अभ्यासकांना एक नियम परिचित आहे. दोन प्रतींत बरोबर पाठ सारखे आढळले, तर त्यावरून फारसे सिद्ध होत नाही; परंतु दोहोंत एकच विशिष्ट स्खलन आढळले, तर त्या एकाच मातृकेवरून उतरल्या असाव्यात. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात १९१९ पासून १९६६ पर्यंत चाललेल्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीच्या कार्याने आपल्याकडे या शास्त्राचा पाया घातला. हाच नियम बँडवादनास लावता येतो.

मात्र प्रथम दोन प्रकारचे फरक वेगळे काढले पाहिजेत. काही फरक वाद्यामुळे पडतात. तीन पडद्यांच्या कॉर्नेटवर गळ्यातील मींड उतरत नाही. तेव्हा लांब मींडेच्या जागी दोन-तीन सुटे स्वर येतात. ध्वनिमुद्रणात व्हायोलिनच्या समूहाने वाजविलेला मधला तुकडा पथकाजवळ तंतुवाद्ये नसल्यामुळे क्लॅरिओनेटकडे जातो किंवा गळतो. गीताची लय गायकाच्या श्वासावर न राहता वरातीच्या पावलांवर ठरते. तीन-साडेतीन मिनिटांचे गीत वाट संपेपर्यंत वाजवावयाचे असल्याने मुखडा पुनःपुन्हा येतो आणि अंतरा क्वचित. हे फरक सर्वच पथकांत आढळणार; त्यांवरून पथकापथकांतील नाते ठरत नाही.

दुसऱ्या प्रकारचे फरक अनावश्यक असतात. अंतऱ्यात एक स्वर कोमल असता तो शुद्ध घेणे, मुखड्यापूर्वी मूळ गीतात नसलेली चार मात्रांची सलामी जोडणे, एका गीताच्या शेवटी दुसऱ्या गीताची ओळ चिकटविणे, हे वाद्याच्या मर्यादेमुळे होत नाही. कोणीतरी तसे शिकविल्यामुळे होते. असे एकच अनावश्यक वळण आगाशीच्या एका पथकात व सांडोरच्या दुसऱ्या पथकात आढळले, तर त्या दोहोंचा मास्तर एक असला पाहिजे, किंवा एकाचा वादक दुसऱ्यात गेला असला पाहिजे. (ही दोन गावे येथे केवळ उदाहरणादाखल घेतली आहेत.) अशी पाच-दहा वळणे जमली, की पथकांचा वंशवृक्ष मांडता येईल, आणि त्या वृक्षात जेथे एखादी फांदी रिकामी राहील, तेथे आपणांस ठाऊक नसलेले पथक असले पाहिजे. ग्रहांच्या गतीतील विक्षेपावरून न दिसलेला ग्रह शोधावा, त्यातलाच हा प्रकार आहे.

या तुलनेसाठी एक स्थिर मापदंड लागतो. लोकगीतास तो मिळत नाही. चित्रपटगीतास मिळतो, कारण त्याचे ध्वनिमुद्रण एक आहे, त्याचे वर्ष ठाऊक आहे, आणि ते सर्वांनी ऐकलेले आहे. १९५२ साली आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ नाहीशी झाली, तेव्हा रेडिओ सिलोनवरून सुरू झालेल्या 'बिनाका गीतमाले'ने ती घरोघर पोचविली. १९५७ साली विविध भारती आली. ज्याच्या घरी ग्रामोफोन नव्हता, त्या वादकासही आठवड्यातून एकदा तरी तीच चाल तशीच ऐकण्याची सोय झाली. म्हणून लोकगीतांचे अभ्यासक चित्रपटगीताकडे ज्या तिरस्काराने पाहतात, तो पद्धतीच्या दृष्टीनेही अनाठायी आहे. सर्वांनी एकाच मूळ प्रतीवरून नक्कल केली असेल, तेव्हाच नक्कल करणाऱ्याचा हात ओळखता येतो.

७. कागद का नाही?

मुद्रित संगीताचा इतिहास लिहिणाऱ्यास ध्वनिमुद्रिकेवरील पट्टी मिळते, तिच्यावर क्रमांक व कलावंताचे नाव असते. मुंबईत १९९० साली स्थापन झालेल्या सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स या संस्थेने अशा साधनांचे मोल दाखवून दिले आहे. बँडपथकांच्या बाबतीत असे काहीच नाही. याचे कारण केवळ उपेक्षा हे नव्हे. कायदा हेही एक कारण आहे.

१९५७ च्या कॉपीराइट कायद्याने पूर्वी ध्वनिमुद्रित झालेल्या गीताचे दुसऱ्याने पुन्हा ध्वनिमुद्रण करण्यास, सूचना व मानधन देण्याच्या अटीवर, मुभा ठेवली होती. १९८० नंतरच्या दशकात ध्वनिफितींच्या कंपन्यांनी जुन्या चित्रपटगीतांची पुनर्गायने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती या तरतुदीच्या आधारे. पीटर मॅन्युएल यांच्या 'कॅसेट कल्चर' (१९९३) या ग्रंथात त्या काळाचे चित्र आहे. २०१२ च्या दुरुस्तीने या मुभेस मूळ ध्वनिमुद्रणाच्या वर्षानंतर पाच वर्षांची मुदत व इतर बंधने घातली. परंतु हे सर्व ध्वनिमुद्रणापुरते. प्रत्यक्ष वादनाच्या बाबतीत १९९४ च्या दुरुस्तीने निराळा मार्ग घेतला : धार्मिक समारंभातील सादरीकरण हे स्वामित्वहक्काचे उल्लंघन नव्हे, असे सांगून त्या समारंभात लग्नाची वरात व लग्नाशी निगडित सामाजिक उत्सव यांचाही समावेश केला.

या तरतुदीने बँडपथकांवरील मोठे संकट टळले, यात शंका नाही. प्रत्येक चालीसाठी परवाना काढावा लागता, तर गावचे पथक एक दिवसही चालले नसते. परंतु या सवलतीचा एक दुसरा परिणाम आहे. जेथे मानधन नाही तेथे नोंद नाही. जेथे नोंद नाही तेथे दप्तर नाही. कोणत्या वर्षी, कोणत्या वरातीत, कोणत्या पथकाने काय वाजविले हे कोणासही लिहून ठेवावे लागले नाही. कायद्याने बँडवाल्यास मोकळे केले, आणि त्याच क्षणी इतिहासातून पुसले.

तथापि साधने अगदीच नाहीत असे नव्हे. ती अभिलेखागारात नाहीत, एवढेच. मोठ्या ढोलाच्या कातड्यावर पथकाचे व गावाचे नाव रंगविलेले असते. लग्नपत्रिका, चर्चच्या सणाच्या कार्यक्रमपत्रिका, सार्वजनिक गणेशोत्सवाच्या जमाखर्चाच्या वह्या, कौटुंबिक छायाचित्रे यांत पथके सापडतात. मास्तरांच्या वह्यांत कोठे स्वरलिपी, कोठे देवनागरीत सा-रे-ग-म लिहिलेले असते. एखाद्या वहीत विलायती स्वरलिपी व सरगम दोन्ही एकाच पानावर आढळली, तर ते पान म्हणजे वर सांगितलेल्या तीन वाटांच्या संगमाचा प्रत्यक्ष पुरावा होय.

८. एक आक्षेप

यावर असा आक्षेप येईल, की बँडपथके परक्यांच्या चाली वाजवितात; त्यांत स्वतःचे असे काय आहे? तारपा हे वारल्यांचे खरे वाद्य, घुमट हे किनाऱ्याच्या ख्रिस्ती वस्तीचे. संशोधकाने शुद्ध परंपरेकडे वळावे, उसनवारीकडे नव्हे.

या आक्षेपातील आस्था मान्य करूनही त्याचा निष्कर्ष मान्य करता येत नाही. संगीत नाटकांच्या कर्त्यांनी लावणीच्या, साकीच्या, कर्नाटकी पदांच्या चाली घेतल्या, त्यास आपण उसनवारी म्हणत नाही, परंपरा म्हणतो. किर्लोस्करांस जो न्याय, तो वसईच्या बँडमास्तरास का नसावा? 'किर्लोस्करांनी शब्द दिले' असे उत्तर कोणी देईल. बँडमास्तराने शब्द दिले नाहीत हे खरे. त्याने प्रसंग दिला. तीच चाल लग्नात, सणाच्या मिरवणुकीत वा निरोपाच्या वेळी केव्हा वाजवावयाची, केव्हा थांबवावयाची, कोणत्या चालीमागून कोणती आणावयाची हा निर्णय त्याचा असतो. वधू घर सोडते त्या क्षणी लय उतरविणारा वादक गीताचा अर्थ ठरवीतच असतो. ही कृती लिहिली जात नाही, म्हणून ती रचना नव्हे असे म्हणणे म्हणजे लेखनालाच संस्कृती मानणे होय.

मात्र तुलनापद्धतीच्या मर्यादाही स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. अनावश्यक वाटणारे वळण दोन वादकांना स्वतंत्रपणे सुचू शकते. वादक पथके बदलतात, लग्नसराईत एकाच माणसास दोन-तीन पथकांत वाजवावे लागते. त्यामुळे वंशवृक्षाच्या फांद्या एकमेकींत गुंततात. एका वळणावरून निष्कर्ष काढणारा फसेल. अनेक वळणे, अनेक गीते आणि त्यांना मिळणारी कागदाची अथवा तोंडी साक्ष, या तिहींचा मेळ बसेल तेथेच विधान करावे.

९. समारोप

वसई-विरारची महानगरपालिका २००९ साली झाली, पालघर जिल्हा २०१४ साली. २०११ च्या जनगणनेत शहराची लोकसंख्या १२ लाखांवर गेलेली होती. जेथे केळीच्या बागा होत्या तेथे इमारती उभ्या राहिल्या, आणि वरातीच्या वाटा वाहनांनी भरल्या. चालत वाजविणाऱ्या पथकाची जागा बऱ्याच ठिकाणी गाडीवरच्या ध्वनिक्षेपकांनी घेतली आहे. ध्वनिक्षेपक मूळ ध्वनिमुद्रण जसेच्या तसे ऐकवितो. त्यात चूक नसते, वळण नसते, मास्तर नसतो. श्रोत्यास ते कदाचित अधिक गोड लागेल. इतिहासकारापुरते मात्र ते मुके आहे, कारण ज्यात फरक नाही त्यातून काही वाचता येत नाही.

म्हणून या विभागातील पदव्युत्तर विद्यार्थ्यांस एक विनंती आहे. प्रबंधाचा विषय शोधताना वसईच्या किल्ल्यातील शिलालेख जरूर वाचावेत. परंतु परत येताना पापडी, गास, नंदाखाल, अर्नाळा या गावांतील एखाद्या जुन्या वादकाचे घरही विचारावे. तीन लोकप्रिय चित्रपटगीते निवडून ती निरनिराळ्या पथकांकडून वाजवून घ्यावीत, दिनांक व स्थळ घालून ध्वनिमुद्रित करावीत, आणि प्रत्येक वळणाविषयी 'हे कोणी शिकविले?' एवढा एकच प्रश्न विचारावा. उत्तरात जी नावे येतील, ती अद्याप कोणत्याही ग्रंथात नाहीत. ती सांगणारे वादक आता वयोवृद्ध आहेत. नारोशंकराची घंटा आणखी काही शतके टिकेल, कारण ती धातूची आहे. मास्तरांच्या आठवणींना तेवढा अवकाश नाही.